सव्विसाव्या खेळाडूचे दिवस मोजणाऱ्यांना

प्रति,
मेजर लीग बेसबॉलचे कमिशनर श्री. रॉब मॅनफ्रेड, तीसही संघांचे मालक आणि खेळाडू संघटनेचे पदाधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणाला मराठी येत नाही, हे मला माहीत आहे. इंग्रजी प्रत वेगळी पाठवली आहे, ती कुणाच्या तरी टेबलावर पडून राहील. तरी मराठीत लिहिते आहे, कारण तिकिटं आम्हीही काढतो. इथे कॅरी-मॉरिसव्हिलमध्ये शनिवारी क्रिकेटच्या मैदानावर दिसणारी माणसंच अधूनमधून पोरांना घेऊन डरहॅमला बेसबॉल बघायला जातात. मुलं पॉपकॉर्न सांडतात, आयाबाया शाल पांघरून बसतात, कारण एप्रिलची रात्र इथे चांगलीच गार असते. आणि घरी परतताना कुणीतरी हमखास विचारतं, "अगं, गेल्या वेळी तो उंच पिचर होता, तो कुठे गेला?"

तो कुठे गेला, याबद्दलच हे पत्र आहे.

आधी माझं नातं सांगते. मी जळगावची. आमच्याकडे शाळांतून मुली सॉफ्टबॉल खेळायच्या, आजही खेळतात. मी शाळेच्या संघात होते, पण दहावी. दहावी म्हणजे यत्ता नव्हे, नंबर. नऊ जणी मैदानात आणि मी बाकावर, मांडीवर स्कोअरची वही. संघात ग्लोव्ह नऊच होते, त्यामुळे माझ्या वाट्याला ग्लोव्हसुद्धा नव्हता. एका सामन्यात शेवटच्या डावात मला कुणाच्या तरी जागी पहिल्या बेसवर धावायला उभं केलं. मी दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याशिवाय पळून गाठला, मग शेवटच्या होम बेसवर आले, आम्ही एका धावेने जिंकलो. पुढच्या सामन्याला मी पुन्हा बाकावर, पुन्हा वही. मला वाईट वाटलं नाही; माझ्यापेक्षा बऱ्या खेळणाऱ्या नऊ जणी होत्या, हे मला दिसत होतं. हे मुद्दाम सांगते, कारण बाकावर बसावं लागतं ही माझी तक्रार नाही. कुणीतरी बसणारच.

दुसरं नातं भाडेकरूचं. पूर्वी आम्ही दुसऱ्या एका ट्रिपल-ए गावात, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खालचा संघ असलेल्या गावात, राहत होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण मुलगा अजून खेळतो. आमच्या तळघरातली खोली एका रिलीव्हर पिचरने, म्हणजे सामन्यात मधूनच चेंडू टाकायला येणाऱ्या खेळाडूने, भाड्याने घेतली होती. रोज दुपारी दोनला निघायचा, रात्री बाराला यायचा, जिन्यात बूट काढून हळू चालायचा. एका एप्रिलमध्ये तो तीनदा वर गेला आणि तीनदा परत आला. 'वर' म्हणजे मेजर लीगला. पहिल्यांदा गेला तेव्हा आम्ही गल्लीतल्या मुलांना पेढे वाटले. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्याने फ्रीजमधलं दूध माझ्याकडे आणून दिलं आणि म्हणाला, "वापरून टाका, पण नवीन आणू नका, मी येईनच." वर त्याने वाईट टाकलं होतं का? नाही. दुसऱ्या खेपेला तर त्याने सामन्याच्या नऊपैकी तीन डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही. म्हणूनच त्याला परत पाठवलं. तीन डाव टाकलेला हात पुढचे दोन-तीन दिवस उपयोगाचा नसतो, आणि संघाला दुसऱ्या दिवशी ताजा हात हवा असतो.

तर पहिली तक्रार हीच: चांगलं खेळल्याची शिक्षा.

बेसबॉल न बघणाऱ्या मराठी वाचकांसाठी थोडं सांगते. मेजर लीग संघात एका वेळी 26 खेळाडू असतात, पण करारातली यादी 40 जणांची. उरलेले खाली, ट्रिपल-ए वगैरे संघांत खेळतात. ज्याच्या नावावर 'ऑप्शन' शिल्लक आहेत, त्याला क्लब त्याची परवानगी न घेता खाली पाठवू शकतो. अशी मुभा तीन हंगामांपुरती असते. पाच वर्षं सेवा झालेला खेळाडू नाही म्हणू शकतो. म्हणजे मोठ्या तारेला कुणी हात लावत नाही. संघाची सगळी लवचीकता बाकावरच्या आणि बुलपेनमधल्या (रिलीव्हर पिचर जिथे थांबतात तिथल्या) चार-पाच जणांच्या अंगावर काढली जाते.

हे कुठवर जातं, ते 2021 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. टॅम्पा बेचा लुई हेड 31 व्या वर्षी पहिल्यांदा मेजर लीगमध्ये आला. त्याआधी एका क्लबने सोडल्यावर त्याने दारोदार फिरून सोलर पॅनेल विकली होती. त्या हंगामात त्याने 27 सामने खेळले, ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या सरासरी धावा) 2.31, म्हणजे कुठल्याही संघाने अभिमानाने सांगावा असा आकडा. आणि त्याच हंगामात त्याची डझनभर वेळा खाली रवानगी झाली. खाली म्हणजे आमच्या डरहॅमला. तिथून टॅम्पा बेचं मैदान, फ्लोरिडातलं सेंट पीटर्सबर्ग, साधारण 700 मैल. आमच्याकडे बदलीवाल्या सरकारी नोकराची थट्टा करतात, की पेटी सोडायच्या आत ऑर्डर येते. त्याला निदान वर्ष-दोन वर्षं तरी मिळतात हो.

तुम्हाला लाज वाटली, हे मान्य करायला हवं. 2022 च्या करारात तुम्ही नियम आणला, की एका खेळाडूला एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा असं पाठवता येणार नाही. लोक त्याला हेडच्याच नावाने ओळखतात. पण पाच? सहा महिन्यांच्या हंगामात पाच वेळा घर हलवणं तुम्हाला वाजवी वाटलं? शिवाय खाली पाठवलेल्या पिचरला कुणी जखमी झाल्याशिवाय 15 दिवस वर आणता येत नाही, फलंदाजाला 10 दिवस. हा नियम उलटसुलट बोलावण्याला आळा घालायला केलात, पण त्याचं ओझं कुणावर पडलं? क्लबला दुसरा ताजा हात मिळतोच. पंधरा दिवसांचा वरचा पगार जातो तो त्याचा.

इथे आमच्या शेजारचे डॉक्टर काका नेहमी अडवतात. म्हणतात, "मेजर लीगचा किमान पगार 2026 मध्ये 7,80,000 डॉलर आहे. त्याची कसली कीव करतेस?" काका, तो आकडा पूर्ण हंगामाचा आहे. पगार दिवसावर मिळतो, दिवसाला 4,000 डॉलरच्या जरा वर. खालच्या ट्रिपल-ए चा किमान पगार 2023 च्या पहिल्यावहिल्या करारात वर्षाला 35,800 डॉलर ठरला, तोही मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आल्यानंतर. चाळीसच्या यादीतल्याला त्याहून बरा मिळतो, पण पंधरा दिवस खाली म्हणजे तरीही पन्नास हजारांहून जास्त डॉलरचा फटका. आणि अशा खेळाडूची सगळी कारकीर्द पुष्कळदा दोन-तीन हंगामांची असते. तिशीनंतर त्याच्याकडे दुसरा धंदा नसतो. असलाच तर सोलर पॅनेलचा.

पैशापेक्षा मोठी गोष्ट दिवसांची आहे. ती पुढे सांगते.

दुसरी तक्रार एप्रिलची, म्हणजे आत्ताची. हंगामाचे पहिले चार-सहा आठवडे. आकडे थोडे, थंडी जास्त, सगळ्यांचेच हात अजून आखडलेले. याच दिवसांत तारेला वेळ मिळतो आणि बाकावरच्याला निकाल मिळतो.

2012 मध्ये अल्बर्ट पुहोल्स 24 कोटी डॉलरचा, दहा वर्षांचा करार करून एंजल्स संघाकडे आला. एप्रिलमध्ये त्याने एकही होम रन (आपल्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) मारला नाही. पहिला आला 6 मे रोजी. तोवर जवळजवळ रोज तो मधल्या फळीत उभा होता, आणि बरोबरच होतं. हंगामअखेर त्याचे 30 होम रन झाले. 2024 मध्ये एरन जजची सरासरी (दर संधीमागे किती हिट) मे उजाडला तेव्हा .200 च्या आसपास रेंगाळत होती. शेवटी .322, 58 होम रन, आणि एकमताने एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वात मौल्यवान खेळाडू. त्याच एप्रिलमध्ये न्यूयॉर्क मेट्सचा फ्रान्सिस्को लिंडोर बॅटला चेंडू लागत नाही अशा अवस्थेत होता, तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी त्याला उभं राहून टाळ्या दिल्या. तो त्या वर्षी एमव्हीपीच्या मतांत दुसरा आला. मला त्या टाळ्या टीव्हीवर बघून भरून आलं होतं, खोटं का बोलू. माणूस पडलेला असताना त्याच्यासाठी उभं राहणं ही खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट.

पण आता दुसरी बाजू बघा. डेट्रॉइटचा ख्रिस शेल्टन. 2006 च्या एप्रिलमध्ये त्याने दहा होम रन मारले. अख्ख्या देशात त्याचं नाव झालं. मग बॅट थंडावली, आणि 31 जुलैला क्लबने दुसरा फर्स्ट बेसमन आणला, शेल्टनला खाली टोलेडोच्या संघात पाठवलं. डेट्रॉइट त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, खेळलं. शेल्टन त्या संघात नव्हता.

किंवा शिकागो व्हाइट सॉक्सचा येर्मीन मर्सिडीज. मायनर लीगमध्ये वर्षानुवर्षं घासलेला, 28 वर्षांचा. 2021 च्या हंगामाची सुरुवात त्याने ओळीने आठ हिट मारून केली. आधुनिक काळात हंगामाची अशी सुरुवात आधी कुणी केली नव्हती. एप्रिलचा सर्वोत्तम नवोदित ठरला. 17 मे रोजी, संघ 11 धावांनी पुढे असताना, पिचर म्हणून उभ्या केलेल्या समोरच्या फलंदाजाचा ताशी 47 मैलांचा चेंडू त्याने बाहेर भिरकावला. असल्या सामन्यात तो सोडून द्यायचा असतो म्हणे. त्याच्याच मॅनेजरने त्याला जाहीरपणे फैलावर घेतलं. त्यानंतर त्याचा खेळ उतरला आणि जुलैच्या सुरुवातीला त्याला शार्लटला पाठवलं. तीन आठवड्यांच्या आत त्याने खेळातून बाजूला होत असल्याचं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी परत आला. शार्लटचा संघ आमच्या डरहॅमशी खेळायला येतो. मैदानावर 'बैलाला चेंडू मारा, स्टेक जिंका' अशी मोठी बैलाची पाटी आहे, होम रन झाला की बैलाच्या नाकातून धूर येतो. वर्षाच्या सुरुवातीला ज्याच्यासाठी शिकागोत स्टेडियम नाचत होतं, त्याच्यासाठी आता या पाटीखाली टाळ्या.

तुम्ही म्हणाल, तारेने तो विश्वास कमावलेला असतो. मान्य. पुहोल्सच्या पाठीशी अकरा वर्षांचा खेळ होता, शेल्टनच्या पाठीशी नव्हता. पण मग एक करा: बाकावरच्याच्या बाबतीतही पंचवीस-तीस चेंडूंवरून निष्कर्ष काढू नका. तुमच्याकडे आज प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी, बॅटला लागलेला कोन, सगळं मोजलं जातं. तीस वेळा बॅटिंग केल्यावरच्या सरासरीला काही अर्थ नसतो, हे तुमच्याच आकडेवाल्यांनी आम्हाला शिकवलं. तारेच्या बाबतीत तुम्ही ते शिकवलेलं पाळता. सव्विसाव्याच्या बाबतीत विसरता, कारण विसरण्याने काही खर्च होत नाही.

तिसरी तक्रार 172 या आकड्याची. मेजर लीगच्या यादीवर 172 दिवस राहिलं की सेवेचं एक वर्ष. हंगाम साधारण 186 दिवसांचा. तीन वर्षांनंतर पगारासाठी लवादाकडे जाता येतं, सहा वर्षांनंतर खेळाडू मोकळा, कुठल्याही क्लबशी बोलू शकतो. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीचे दोन आठवडे एखाद्याला खाली ठेवलं, की क्लबला त्याचं एक अख्खं वर्ष स्वस्तात मिळतं. 2015 मध्ये शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने वसंतातल्या सराव सामन्यांत सगळ्यांपेक्षा जास्त, नऊ होम रन मारले, तरी हंगाम सुरू झाला तेव्हा तो खालच्या संघात, आयोवात होता. बोलावलं 17 एप्रिलला. हंगामअखेर सेवा भरली 171 दिवस. एक दिवस कमी. तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पण तक्रार केली तेव्हा 2020 मध्ये लवादाने फेटाळली. आमच्या डरहॅमचंही असंच: 2008 मध्ये इव्हान लाँगोरिया हंगामाच्या सुरुवातीला इथे होता, 12 एप्रिलला वर गेला, आणि सहा दिवसांत त्याने 1 कोटी 75 लाख डॉलरचा सहा वर्षांचा करार केला. आमच्या जुन्या प्रेक्षकांना तो एप्रिल अजून आठवतो, आमच्या वाट्याला आलेले ते मोजके सामने.

ब्रायंटवर बोंब झाली, म्हणून 2022 मध्ये तुम्ही उपाय काढला. सर्वोत्तम नवोदिताच्या मतांत पहिल्या दोन क्रमांकांत जो येईल, त्याला पूर्ण वर्षाची सेवा. बाल्टिमोरचा अॅडली रचमन मे 2022 मध्ये आला, दुसरा आला, त्याला वर्ष मिळालं. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स 11 मे 2024 ला आला, पहिला आला, त्यालाही मिळालं. छान झालं. पण नीट बघा, तुम्ही नेमका कोणाचा प्रश्न सोडवलात? ज्याच्या बाजूने लिहायला शंभर पत्रकार होते, त्याचा. जो 160 दिवस वर राहिला, सतरा वेळा विमानात बसला, ज्याला कुणी कधी मत देणार नाही, त्याचे 160 दिवस 160 च राहिले. आजार दोघांना एकच, औषध फक्त देखण्या रुग्णाला.

आमच्याकडे पद्माकर शिवलकर होऊन गेले. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत 589 बळी, आणि कसोटी एकही नाही. समोर बिशनसिंग बेदी होते. दादरच्या कुठल्याही कट्ट्यावर हा विषय काढा, तास गेला समजा. पण शिवलकरांच्या बाबतीत निदान असं कुणी म्हणत नाही, की त्यांना घेतलं तर मंडळाला पुढे पैसे जास्त द्यावे लागतील म्हणून बाहेर ठेवलं. निवडणाऱ्यांची नजर चुकली असेल. नजर सुधारता येते. तुमच्याकडे नजर पक्की आहे, मुलगा वर खेळायच्या लायकीचा आहे हे सगळ्यांना दिसतंय, आणि तरीही कुणीतरी खोलीत बसून कॅलेंडर बघतंय.

चौथी तक्रार थोडक्यात. मार्चअखेर कोण संघात राहणार, हे पुष्कळदा खेळावरून ठरतच नाही. ज्याचे ऑप्शन संपले त्याला ठेवावं लागतं, नाहीतर दुसरा क्लब उचलून नेईल. ज्याचे शिल्लक आहेत तो कितीही चांगला खेळो, खाली जातो. मग प्रेक्षकांना सांगता, "अजून थोडी तयारी हवी." सरळ सांगा ना, कागदावर बसत नाही म्हणून. आम्हाला कागद कळतात, आमच्यातल्या निम्म्यांनी इथे व्हिसाच्या रांगेत आयुष्य काढलंय.

पाचवी तक्रार खेळाडू संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना. हे तुम्हाला आवडणार नाही. संघटना सगळ्यांची, पण चर्चेच्या टेबलावर आवाज मोठ्यांचा. 2022 च्या करारात तुम्ही तरुण खेळाडूंसाठी वर्षाला 5 कोटी डॉलरचा बोनसनिधी मिळवलात. तो वाटला जातो शंभर जणांत, बक्षिसांवर आणि आकड्यांवर, म्हणजे पुन्हा त्यांनाच, जे लवकरच तारे होणार आहेत. पेन्शनचा हक्क मिळायला 43 दिवस लागतात, ही जुनी आणि खरोखर चांगली तरतूद आहे. तिच्यासाठी भांडलेल्या जुन्या मंडळींना माझा नमस्कार. पण त्यामुळेच एखाद्याला चाळिसाव्या दिवशी खाली पाठवलं जातं तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. आमचा भाडेकरू भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा मारायचा. आम्हाला वाटायचं प्रेयसीला भेटायचे दिवस असतील. रेघा नोकरीच्या होत्या.

आता कुणी म्हणेल, खेळ तारेच चालवतात, प्रेक्षक त्यांच्यासाठी येतात. हो, मीही येते. 27 ऑक्टोबर 2025 च्या रात्री मी वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना बघत जागी होते, लॉस एंजेलिस विरुद्ध टोरांटो, 18 डाव. शोहेई ओहतानी त्या रात्री नऊ वेळा बेसवर पोचला. दोन डबल, दोन होम रन, पाच वेळा चार बॉल (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस), आणि त्यातले चार मुद्दाम दिलेले, कारण त्याला चेंडू टाकायची हिंमतच उरली नव्हती. 70 कोटी डॉलरचा माणूस, आणि दमडीन्‌दमडी खरी. पण तो सामना ओहतानीने नाही जिंकला. शेवटचे चार डाव टाकले विल क्लाइनने. बुलपेनमध्ये उरलेला शेवटचा माणूस. कॅन्सस सिटी, मग ए'ज, मग सिअॅटल, आणि जूनमध्ये तिथून लॉस एंजेलिस, हंगामाचा बराच काळ ट्रिपल-ए मध्ये. त्याने 72 चेंडू टाकले, एकही धाव दिली नाही, आणि मग फ्रेडी फ्रीमनने होम रन मारला. माझा नवरा झोपेतून उठून विचारत होता, कोण जिंकलं. मी म्हटलं, "आपला भाडेकरू." तो क्लाइन नव्हता हो, पण मला तसंच म्हणावंसं वाटलं.

पाच रात्रींनी सातव्या सामन्यात नवव्या डावात बरोबरी साधणारा होम रन मारला लॉस एंजेलिसच्याच मिगेल रोहासने, फलंदाजीच्या क्रमात तळाला, वय 36. पुढे लॉस एंजेलिसच जिंकलं, हे सगळ्यांना माहीत आहे.

ऑक्टोबरमध्ये तुम्ही या माणसांचे व्हिडिओ करता, संगीत लावता, त्यांच्या आईवडिलांच्या मुलाखती घेता. एप्रिलमध्ये त्यांच्या नावापुढे बाण असतो, वर किंवा खाली.

तुमचा सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो. गेल्या वेळी तुम्ही 99 दिवस टाळं लावून बसला होतात. यंदाही बोलणी होतील ती संघांच्या पगारावर मर्यादा घालायची की नाही यावर, आणि दोन्ही बाजूंचे वकील त्यातच दमतील. माझ्या मागण्या त्या मोठ्या भांडणात अडकणाऱ्या नाहीत, आणि मालकांच्या हिशेबाने त्या फार महागही नाहीत.

एक. जखम नसताना आणि चांगलं खेळूनही, केवळ ताजा हात हवा म्हणून ज्या पिचरला खाली पाठवलं जातं, त्याचे सक्तीचे 15 दिवस मेजर लीगच्या सेवेत धरा आणि त्या दिवसांचा वरचा पगार द्या. "चांगलं खेळून" कसं ठरवायचं असं विचारू नका. तरुण खेळाडूंचे बोनस ठरवायला तुमच्याकडे सूत्र आहे, इथेही बसवा. ज्याला ताजा हात हवा, त्याने त्याची किंमत मोजावी.

दोन. हंगामात पाच वेळा पाठवण्याची मर्यादा तीनवर आणा, आणि पहिल्या 45 दिवसांत एकदाच. एप्रिलमध्ये गाडी चालवताना कुणाचा फोन वाजला तर तो रस्त्याच्या कडेला थांबून रडू नये, एवढंच.

तीन. 172 ची भिंत पाडा. 140 दिवसांपेक्षा जास्त काळ वर राहिलेल्या प्रत्येकाला, मग त्याला एक मत मिळो वा न मिळो, पूर्ण वर्ष द्या. 140 च का, यावर घासाघीस करायला माझी हरकत नाही. 130 म्हणालात तरी मी उठून जाणार नाही.

चार. खाली पाठवताना कारण लेखी द्या, खेळाडूला आणि संघटनेला. "तयारी हवी" हे कारण नव्हे. कोणती तयारी, कशात, किती दिवसांत पुन्हा बघणार, हे लिहा. इथे साध्या कारकुनालाही वर्षाच्या शेवटी लेखी अहवाल मिळतो.

पाच. संघटनेने वाटाघाटीच्या समितीत तीन वर्षांपेक्षा कमी सेवा झालेले, आणि ज्यांची त्या वर्षी निदान तीनदा खाली-वर झाली आहे असे दोघे तरी बसवावेत. बोलायला लाजतील, बोलू द्या. आमचा भाडेकरूही कमी बोलायचा, पण एकदा गणपतीत मोदक खाऊन झाल्यावर तासभर बोलला होता, आणि त्या तासात मला जे कळलं, ते इतकी वर्षं सामने बघून कळलं नव्हतं.

उत्तराची वाट बघते. मराठीत आलं तर घरच्यांना वाचून दाखवीन, इंग्रजीत आलं तर भाषांतर मी करीन.

आपली,
डरहॅमच्या तिसऱ्या बेसमागची एक प्रेक्षक
कॅरी, उत्तर कॅरोलिना

ता. क. – बैलाच्या त्या पाटीवर खाली असंही लिहिलंय, की चेंडू गवताला लागला तर सॅलड. आमच्या शाकाहारी मंडळींची त्यावर फार श्रद्धा आहे. मारणारा तारा आहे की सव्विसावा, हे पाटी विचारत नाही.